बर्फ न पाहिलेल्यांचा हिवाळा

आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींच्या पदरीं दोन हिवाळे असतात. एक घरचा; हुरड्याचा, तिळगुळाचा, ओटीवरच्या कोंवळ्या उन्हाचा. दुसरा पुस्तकांतून आलेला. त्यांत बर्फ पडतो, धुराड्याखालीं लांकडें जळतात आणि तळीं गोठून त्यांवर पोरें घसरतात. मौज अशी कीं, साहित्याची गोष्ट निघाली म्हणजे आम्हांस दुसराच आधीं आठवतो. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकवीत असतां बर्फावर आम्ही किती बोललों असूं याची गणती नाहीं. आणि प्रत्यक्ष डोळ्यांनीं जो पाहिला तो मासळीच्या टोपलींतला!

मग न अनुभविलेल्या वस्तूच्या चित्राचा आस्वाद घेतां येतो काय? गेल्या पौषांत आम्हीं पदवीच्या वर्गास पीटर ब्रॉयगेलचें 'हिमांतील शिकारी' हें चित्र पडद्यावर दाखविलें आणि त्यावर दोन पानें लिहून आणण्यास सांगितलें. चित्र १५६५ सालचें. अँटवर्पच्या योंगेलिंक नांवाच्या धनिक व्यापाऱ्यासाठीं ब्रॉयगेलनें वर्षाच्या महिन्यांची जी मालिका रंगविली, तींतील पांच चित्रें आज शिल्लक आहेत. हें त्यांपैकीं एक, व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहे. तीन शिकारी कुत्र्यांसह टेंकडीच्या माथ्यावर आले आहेत. खालीं दरींत हिरवट गोठलेलीं तळीं, त्यांवर खेळणारीं माणसें, पलीकडे दांतेरी पर्वत.

निबंध आले ते अपेक्षेप्रमाणें. बहुतेकांस निसर्गाचें शुभ्र वैभव दिसलें. एकीनें काश्मीरच्या सहलीचें वर्णन जोडलें. तें, खरें सांगावयाचें तर, चित्रवर्णनापेक्षां सरस होतें. पण निफाडकडचा एक विद्यार्थी, वर्गांत क्वचितच बोलणारा, त्यानें पर्वतांविषयीं एक अक्षर लिहिलें नव्हतें. निफाडची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पारा ५ अंशांच्याही खालीं उतरल्याच्या वार्ता तेथून येतात. तशा थंडींत त्याच्या घरचें माणूस कांद्याच्या वाफ्यांना रात्रीं बारें देत असतें, कारण त्यांच्याकडे पंपास वीज रात्रींची मिळते. त्यानें लिहिलें होतें: "शिकाऱ्यांपैकीं एकाच्या खांद्यावर एकच कोल्हा आहे. कुत्र्यांच्या माना खालीं आहेत. डावीकडे जाळावर डुक्कर भाजणारीं माणसें आहेत, पण हे तिघे तिकडे पाहत नाहींत. पहाटे बारें देऊन माझे वडील असेच परततात. पाऊल उचलत नाहींत, ओढतात. मला थंडी बर्फ पाहून वाजली नाहीं, त्यांच्या पाठी पाहून वाजली."

आम्हीं तें पान दोनदां वाचलें आणि रात्रीं पुन्हां चित्र काढून बसलों. तिघेही खरोखरच आपणांकडे पाठ करून चालले आहेत. १५६४-६५ चा हिवाळा त्या देशांत फार कडक गेला होता. ब्रॉयगेलनें अशा पाठी पाहिल्या असतील. पर्वत मात्र त्याच्या सपाट देशांत नाहींत. तरुणपणीं इटलीच्या प्रवासांत आल्प्स पाहिले होते, ते त्यानें आणून येथें बसविले. म्हणजे चित्रकारानेंही सोसलेलें आणि पाहिलेलें, जवळचें आणि दूरचें, एकाच फळीवर एकत्र केलें.

यावरून थंडी सोसलेल्यालाच हिवाळ्याचें चित्र कळतें असें कोणी म्हणूं लागेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. तसें असतें तर युद्धावरील काव्य शिपायांनींच वाचावें. शिवाय आमच्या विद्यार्थ्याच्या लिखाणांत एक उणीव होतीच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास थांबवून विचारलें, "खालीं तळ्यावर मुलें खेळताहेत, त्यांच्याबद्दल कांहीं लिहिलें नाहींत?"

तो जरा थांबून म्हणाला, "सर, दमलेल्या माणसाला तें दिसत नाहीं."

"शिकाऱ्यांना दिसत नसेल. पण चित्रकारानें तें काढलें आहे, आणि तुम्ही तर चित्र पाहत होतां."

त्यानें पुन्हां चित्र मागितलें. बराच वेळ पाहिलें. मग बोट ठेवून दाखविलें: पुलावरून काटक्यांची मोळी नेणारी बाई. ती तीस वर्षांत आमच्या नजरेस पडली नव्हती. तळ्यावरच्या मुलांविषयीं तो तेव्हांही कांहीं बोलला नाहीं. आम्हींही आग्रह केला नाहीं.

त्याची हजेरी त्या सत्रांत जेमतेम भरत होती, आणि कांदा निघेपर्यंत ती सुधारण्याचा संभव नव्हता. जातां जातां त्यानें मूळ चित्र केवढें आहे म्हणून विचारलें. उंची ११७ सेंटिमीटर, रुंदी १६२, असें आम्हीं सांगितलें. त्यानें खडू घेतला, वितीनें मोजून फळ्यावर तेवढा चौकोन आंखला आणि मागच्या बांकापर्यंत जाऊन तेथून तो पाहत उभा राहिला.