तोंड उघडल्यावर कळतं

सोलापुरात हातमागावर चेहरे विणतात. चादर आणि टॉवेल सगळ्यांना ठाऊक असतात, पण इथे वॉल हँगिंगही विणलं जातं. त्यात शिवाजी महाराज असतात, देव असतात, सत्काराला द्यायचा एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा असतो. नाक टेकवून पाहिलं तर नुसते उभे-आडवे धागे. चार पावलं मागे सरकलं की मिशी दिसते, नजर दिसते. तो चेहरा दिसतो तो कुठे कोणता रंग आला यामुळे. ताणा आणि बाणा मात्र आपापल्या रेषेत सरळ असतात. लियाँमध्ये १८३९ साली जकार्डचं रेशमी चित्र मागावर विणलं गेलं, त्याला भोकं पाडलेली सुमारे २४ हजार कार्डं लागली. आपल्या चादरीवरची नक्षी ज्याच्या यंत्राने निघते, त्याच माणसाचा चेहरा, आणि तोही सरळ धाग्यांतच.

मी संगणकावर माणसांची डोकी घडवतो. माझं जाळंही चौकोनांचंच असतं. फरक एवढाच, की भिंतीवरच्या चेहऱ्याला बोलायचं नसतं आणि माझ्या चेहऱ्याला बोलायचं असतं.

शिकायला येणारी मुलं पहिलं डोकं हमखास वॉल हँगिंगसारखं करतात. गोळा किंवा ठोकळा घ्यायचा, त्यावर उभ्या-आडव्या रेषा पाडत जायच्या आणि नाक-डोळे ओढून काढायचे. स्थिर चित्रात ते छान दिसतं. मग मी त्याचा जबडा उघडायला सांगतो. ओठांच्या कोपऱ्यात चुण्या पडतात, गाल कागदासारखा मोडतो. पोरगं गोंधळतं आणि दुरुस्तीसाठी आणखी रेषा घालतं. हा मोह वाईट. सरळ जाळ्यात ओठापाशी घातलेली एक रेष गालावरून कानात शिरते आणि डोक्याला पूर्ण वेढा घालून परत येते. ओठाला काही मिळत नाही, टाळूवर मात्र गर्दी होते. तेच तोंडाभोवती एकात एक बंद कड्या असतील, तर नवी कडी तोंडापुरतीच राहते. अशा बंद कडीला एज लूप म्हणतात, आणि तिचा पहिला फायदा मला हाच वाटतो: गरज जिथे आहे, खर्च तिथेच होतो.

या कड्या कुठून आल्या? स्नायूंवरून. डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती गोल फिरणारे स्नायू आहेत, गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे तिरका उतरणारा आहे, कपाळावर उभा आहे. कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत मानेवर जो दोर उतरतो तोही तिरकाच, म्हणून मानेची जाळी सरळ नळीसारखी ठेवली की डोकं वळताना ती खोटी दिसते. एवढं बहुतेक शिकवण्यांत सांगतात. कमी सांगितलं जातं ते सुरकुत्यांचं. सुरकुती स्नायूच्या दिशेने पडत नाही, त्याला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा, तर आठ्या आडव्या. ओठांचा स्नायू गोल, तर ओठांवरच्या बारीक रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जाणाऱ्या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातही तेच.

हे मला पुस्तकापेक्षा एका आजींच्या चेहऱ्यावर नीट दिसलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. दात नसल्यामुळे ओठ आत ओढलेले, आणि ‘ओ’ म्हणताना तोंडाभोवतीची एकेक रेष उठून दिसायची. त्यांचं डोकं करताना मी कड्या आकुंचनासाठी ठेवल्या आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या कडा सुरकुत्यांच्या ओळीत बसवल्या. जाळ्याच्या दोन्ही दिशांना काम मिळालं. माझ्या मते चांगल्या टोपोलॉजीची, म्हणजे जाळ्याच्या मांडणीची, खरी परीक्षा हीच आहे. एका दिशेच्या रेषा हालचालीच्या आणि दुसऱ्या दिशेच्या नुसत्या भरतीच्या असतील, तर निम्मं जाळं फुकट गेलं.

कड्या गोल झाल्या की एक प्रश्न उभा राहतो. डोळ्यांची दोन वर्तुळं आणि तोंडाचं एक, ही कुठेतरी एकमेकांना भिडणारच. तिथे चारऐवजी तीन किंवा पाच कडा एका बिंदूत येतात. त्याला आम्ही पोल म्हणतो. पोल नकोच, असं म्हणणारे भेटतात. ते शक्य नाही, आणि त्यामागे गणित आहे. आरपार बोगदा नसलेला बंद आकार पूर्ण चौकोनांनी मढवला, तर तीन कडांच्या बिंदूला अधिक एक आणि पाच कडांच्या बिंदूला उणे एक धरून बेरीज नेहमी आठच येते. ठोकळ्याचे आठ कोपरे पाहा, प्रत्येकात तीनच कडा. मान खालून बंद केली तर डोक्यालाही हाच हिशेब लागू. पाच कडांचा एक बिंदू वाढवलात की कुठेतरी तीन कडांचा एक वाढणारच.

तेव्हा पोल टाळायचे नसतात, त्यांना जागा द्यायची असते. एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आपण जाळं गुळगुळीत करतो, पण पोलपाशी पृष्ठभाग बाकीच्या जागेसारखा सलग वळत नाही. उजेड पडला की चिमटा दिसतो. म्हणून ओठाचा कोपरा आणि डोळ्याचा कोपरा या जागा पोलला कायमच्या बंद. गालाचा उंचवटा चालतो, हनुवटीची बाजू चालते, कानामागे तर कितीही. पिक्सारच्या १९९७ च्या ‘गेरीज गेम’मधला एकटाच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा याच पद्धतीच्या पृष्ठभागाने घडला. त्याचे गाल आणि डोळे थांबून थांबून पाहण्यासारखे आहेत.

आता एका बटणावर जाळं नव्याने बांधून मिळतं. ब्लेंडरमध्ये ती सोय आहे, झेडब्रशमध्ये आहे. मी ती वापरतो, पुतळ्यासाठी, दगडासाठी, दूरच्या गर्दीसाठी. यंत्र उंचसखलपणा वाचतं. हा चेहरा उद्या हसणार आहे हे त्याला कळत नाही. बोलणाऱ्या डोक्याची जाळी मी अजून हातानेच बांधतो. वेळ लागतो, आणि ग्राहकाला त्याचं कारण पटवणं हे निराळं काम होऊन बसतं.

आणि रेषा आधी माणसावर काढतो. हा माझा शोध नव्हे. युटा विद्यापीठात आंरी गूरो यांनी १९७१ च्या सुमारास आपल्या पत्नीच्या, सिल्वीच्या, चेहऱ्यावरच रेषा आखून फोटो काढले आणि त्यांवरून संगणकातला चेहरा उभा केला. मी काजळाची पेन्सिल घेऊन आरशासमोर बसतो. डोळ्याभोवती, नाकपुडीपासून ओठाला वळसा घालून हनुवटीपर्यंत, जबड्याच्या कडेने कानापर्यंत. मग ‘ओ’ म्हणायचं, ‘ई’ म्हणायचं, गाल फुगवायचे, आणि कुठली रेष ताणली, कुठली जवळ आली ते बघायचं. घरचे हसतात, हसू द्यावं.

तुम्ही नवं डोकं सुरू करत असाल तर कान, केस, पापण्या यांत शिरण्याआधी ओबडधोबड जाळ्यावरच जबडा उघडा, डोळे मिटा, एक हसू द्या. तिथे जे मोडेल ते तिथेच सुधारा. पुढे टेक्श्चर चढवून ते झाकलं जात नाही.