शिडीपाशी परतताना

अडुसष्टाव्या वर्षी सुप्याहून निघालेल्या गटासोबत मी कळसूबाई चढू लागले. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. पुढे बारी गावचा वाटाड्या, मागे सूनबाई. लोखंडी शिडीपाशी उजवा गुडघा थरथरला.

"आई, मी हात धरते, चढा," सूनबाई म्हणाली.

मन ओशाळले, तरी मी नकार दिला. चढताना दम लागतो. उतरताना मात्र गुडघ्यांवर अधिक भार येतो. गट पुढे गेला, सूनबाई माझ्यापाशी थांबली. दोघींनी तिथेच भाकरी खाल्ली आणि सावकाश, माझ्याच पायांनी, खाली आलो.

ज्येष्ठांना सोबत करणाऱ्यांनी उमेद जरूर द्यावी. पण आधी विचारावे, परतीपुरते बळ उरले आहे ना?