सेंट पँक्रस

आगगाडी पाहावयाची तर पैनगंगा ओलांडून जावे लागे, अशा उमरखेडच्या आम्हां मंडळींस पॅरिसच्या गाडीने समुद्रतळाखालून लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात आणून सोडले. बार्लो यांनी १८६८ साली उभारलेली लोखंडी कमान २४० फूट रुंद. मध्ये एकही खांब नाही. खाली उतरलो तो खांबच खांब! बर्टनच्या बिअरची पिंपे मावावीत या मापाने ते रोवले, हे ऐकताच मातोश्रींनी नाकास पदर लावला. ही वास्तू पाडण्याचे १९६० च्या दशकात घाटत होते; कवी बेटजेमन प्रभृतींच्या खटपटीने बचावली, हे उत्तमच झाले. चुकामूक होईल या धास्तीने मातोश्रींनी आमचा हात घट्ट धरला होता. बाहेर येऊन तांबड्या विटांचे मनोरे पाहिले, तेव्हा “अगबाई, हे तर बोरीबंदर!” म्हणाल्या आणि हात सोडला.