कीर्तीचे आयुष्य

माणसाला जसे आयुष्य असते, तसे ते त्याच्या कीर्तीलाही असते. ग्रंथकाराचा ग्रंथ मागे राहतो, शिल्पकाराची मूर्ती मागे राहते. खेळाडूचे कर्तृत्व मात्र सामना संपताच हवेत विरून जाते. ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहते आणि पाहणारे गेले की विरळ होत जाते. हॉकीच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे.

माझ्या वडिलांच्या पिढीचे दैवत म्हणजे ध्यानचंद. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारताने जर्मनीचा आठ विरुद्ध एक गोलांनी पराभव केला, तेव्हा वडील शाळेत शिकत होते. देश परतंत्र होता. पण त्या दिवशी आपले खेळाडू साऱ्या जगाच्या पुढे होते, हे सांगताना त्यांचा ऊर भरून येई. १९२८ पासून १९५६ पर्यंत भारताने ओळीने सहा सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी पहिली तीन ध्यानचंदांच्या काळातील. वडिलांनी त्यांना खेळताना कधीच पाहिले नव्हते. तरीही चेंडू त्यांच्या काठीला कसा चिकटून राही, हे ते अशा काही हावभावांनी दाखवीत, की आम्हां भावंडांना तो चेंडू प्रत्यक्ष दिसू लागे.

आमच्या पिढीचा वीर निराळा. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. चंद्रपूर जिल्ह्यात मूलकडील आमच्या गावी एका रेडिओभोवती सारी आळी जमली होती. अशोककुमारांनी पाकिस्तानवर विजयी गोल केला, आणि आम्ही मुले नाचू लागलो. अशोककुमार हे ध्यानचंदांचेच चिरंजीव. पण आमच्या लेखी ध्यानचंद हे केवळ ‘अशोककुमारांचे वडील’ होते! दुसऱ्या दिवसापासून धान निघून मोकळ्या पडलेल्या बांधीत आम्ही बांबूच्या वाकड्या काठ्या घेऊन खेळू लागलो. प्रत्येकाला अशोककुमारच व्हायचे असे.

पुढे काळ पालटला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. तसले मैदान खेड्यापाड्यांनी कोठून आणावे? १९८३ मध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि बांधीतल्या काठ्यांची जागा बॅटीने घेतली. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले. तरी माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर चित्रे असत ती क्रिकेटपटूंची. मुले जो खेळ खेळतात, त्याच खेळातील वीरांच्या गोष्टी ती एकमेकांना सांगतात. खेळ सुटला, की गोष्टीही सुटतात.

निवृत्तीनंतर एकदा २९ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडादिनी, गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. हा ध्यानचंदांचा जन्मदिवस. मी मुलांना विचारले, “ध्यानचंद कोण?”

एका मुलाने चटकन उत्तर दिले, “गुरुजी, ते पुरस्काराचे नाव आहे.”

उत्तर खोटे नव्हते. देशाच्या सर्वोच्च क्रीडापुरस्काराला २०२१ पासून त्यांचे नाव आहे. नाव राहिले होते. माणूस मात्र त्यातून निघून गेला होता.

मी भाषण बाजूला ठेवले आणि गोष्ट सांगू लागलो. ध्यानचंदांची सांगितली आणि त्यांच्या पहिल्या कर्णधाराचीही. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्या संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा. छोटा नागपूरच्या रानातील आदिवासी घरात जन्मलेले. ऑक्सफर्डला शिकून ते मोठे झाले. पुढे संविधान सभेत बसून त्यांनी आदिवासींच्या हक्कांसाठी आवाज उठविला.

समोर बसलेली बहुतेक मुले माडिया गोंड होती. मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “ते आमच्यासारखे रानातले होते?” मी होय म्हणताच तिने ते नाव पुन्हा सांगायला लावले आणि वहीत लिहून घेतले.

प्रत्येक पिढीला आपले वीर हवेतच. टोकियो आणि पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके जिंकणाऱ्या आजच्या खेळाडूंचे कौतुक तुम्ही अवश्य करा. नव्यांसाठी जुन्यांनी थोडे बाजूला सरावे, हेही योग्यच. पण बाजूला सरणे वेगळे आणि पुसले जाणे वेगळे. विसरलेल्या वीरांमध्ये कोणी तुमच्याच मातीतला, तुमच्याच सारखा असू शकतो. आणि तो ठाऊक नसला, तर आपणही तेथवर पोहोचू, हे तुम्हांला कोण सांगणार? म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, “तुमच्या लहानपणी तुम्ही कोणाचे नाव घेऊन खेळत होता?” त्यांच्या उत्तरात एखादी गोष्ट नक्की मिळेल. ती ऐका, आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगा.