अँटेना नजरेआड, पण चोरून नव्हे



आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण तो फिरून दशलक्षणातल्या तिसऱ्या दिवसापाशी, उत्तम आर्जवापाशी येतो. म्हणून इथेच लिहिते.

2024 च्या जुलैत बेरिल वादळात ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे मोबाइलही चालेना. अर्ध्या तासावर राहणाऱ्या दिरांची खुशाली कळायला दीड दिवस लागला. सासूबाई तेवढा वेळ णमोकार म्हणत बसल्या होत्या. त्यानंतर लेकीने हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, मनावर घेतला. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद ही आपल्याकडची हॅम अंदमानात रेडिओ घेऊन होती आणि तिने लोकांचे निरोप पोचवले, हे तिने वाचलं होतं. इथे परीक्षेला वयाची अट नाही, 2007 पासून मोर्स कोडही लागत नाही. पहिल्या परीक्षेत 35 प्रश्न, 26 बरोबर आले की पास. ती झाली, पुढची जनरलही झाली. मग प्रश्न आला, अँटेना लावायचा कुठे?

आमची वसाहत एचओएची. घर घेताना आम्ही सही केलेल्या कागदात, परवानगीशिवाय बाहेर अँटेना नको, असं कलम आहे. शेजारच्या छपरांवर डिश दिसतात, कारण 1996 च्या फेडरल नियमाने एक मीटरपर्यंतच्या डिशला संरक्षण दिलं. हॅमच्या अँटेनाला ते नाही. हॅमसाठी 1985 चा एक नियम आहे, पण तो नगरपालिकांना लागू होतो. आपण स्वतः सही केलेल्या खासगी कराराला तो लागत नाही.

त्यामुळे अशा वसाहतींत बरेच हॅम अँटेना लपवतात. आम्हालाही सल्ले खूप मिळाले. मी प्रत्येक सल्ला दोन चाळण्यांतून काढला: जीव किती दुखावतात, आणि कोणी विचारलं तर खरं सांगता येईल का?

पहिला सल्ला झेंड्याच्या काठीचा. टेक्सासच्या कायद्यामुळे अंगणात वीस फुटांपर्यंतच्या काठीला एचओए सरसकट नाही म्हणू शकत नाही. म्हणून लोक काठीच्या आतच अँटेना बसवतात. पण उभ्या अँटेनाला जमिनीत चहूबाजूंनी तारा पसरून द्याव्या लागतात. त्यासाठी हिरवळीत चिरा पाडायच्या, म्हणजे गांडुळं आणि मुळं कापली जाणार. शिवाय सासूबाईंनी एकच विचारलं, "झेंड्याच्या आडून कशाला बोलायचं गं?" काठी अँटेना आहे असं अर्जात लिहून परवानगी घेतली, तर त्यात काही वावगं नाही. मात्र झेंडा दाखवून दुसरंच काम करायचं, याला आपल्याकडे मायाचार म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात मायेला तिर्यंच गतीचं कारण सांगितलंय, ते काही उगाच नाही.

दुसरा सल्ला, केसासारखी बारीक काळी तार या झाडावरून त्या झाडावर. माणसाला दिसत नाही हा तिचा गुण. पण आमच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ पारवे उतरतात, त्यांना तरी ती कशी दिसणार? तो विचार तिथेच सोडला.

तिसरा सल्ला माळ्याचा. घराच्या आत असल्यामुळे कुणाचा आक्षेप नाही. लांबीचा हिशेब सोपा आहे: 468 ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या लहरीची लांबी फुटांत येते. 14.2 ला 33 फूट, 7.2 ला 65 फूट. आमचा माळा जेमतेम 40 फूट. उन्हाळ्यात तिथे पापड वाळतील इतकी धग, ती अडवायला बिल्डरने छताला आतून चकचकीत फॉइल लावलेलं. हे फॉइल उष्णतेसारखंच रेडिओच्या लहरीही अडवतं. लेकीने हातातला छोटा सेट वर नेऊन पाहिला, आवाज पार बसला. माळाही बाद.

शेवटी दोन गोष्टी ठरल्या. गावातल्या बोलण्यासाठी चपट्या तारेचा साधारण पाच फुटी जे-पोल, वरच्या खोलीतल्या पडद्याच्या दांडीला टांगलेला. काम झालं की गुंडाळून कपाटात. आणि लांबच्यासाठी घराच्या मागे, छपराच्या वळचणीला 65 फुटांची प्लास्टिक वेष्टनाची तार, पत्र्याच्या पन्हळीपासून जमेल तितकी दूर. इतक्या खाली असलेल्या तारेची लहर 40 मीटर बँडवर बरीचशी सरळ वर जाते आणि परतून काही शे किलोमीटरच्या परिघात उतरते. त्यामुळे भारत हाताला लागणं कठीण, पण ऑस्टिन, डॅलस, सॅन अँटोनिओ लागतात. वादळात आपल्याला तीच माणसं हवी असतात.

या तारेला मात्र परवानगी हवी होती. ओळखीच्या एकांनी सुचवलं, "दिवाळीच्या दिव्यांची तार आहे म्हणा, कोण बघतंय?" लेक माझ्याकडे बघत होती. आम्ही अर्जात स्पष्ट लिहिलं, हौशी रेडिओचा अँटेना. सोबत फोटो, तारेचा रंग, आणि 50 वॅटला माणसांपासून किती अंतर लागतं याचा लेकीने केलेला हिशेब. समितीने दोन प्रश्न विचारले आणि महिन्याने उत्तर दिलं: तार मंजूर, पण भिंतीच्या रंगाची आणि रस्त्यावरून न दिसणारी. सोबत मागितलेला छोटा खांब नामंजूर. लेक हिरमुसली, कारण खांब असता तर सांगलीकडच्या हॅमशी बोलायचं तिच्या मनात होतं. आता त्यासाठी कधी रविवारी बापलेक पार्कात तिपाई उभी करतात आणि निघताना उतरवून आणतात.

वळचणीला चिमण्यांसारख्या फिंच पक्ष्यांचं घरटं निघालं. पिल्लं उडेपर्यंत तीन आठवडे थांबलो, मग कोळ्यांची जाळी बघून, यत्नाचाराने तार लावली.

तुमच्याकडे मुलं असा हट्ट धरतील तर आधी करार स्वतः वाचा. माळ्यावर फॉइल आहे का ते पाहा. लांबी मोजा, झाडाला खिळा ठोकू नका, घरटी तपासा. आणि अर्जात अँटेनाला अँटेनाच म्हणा. कदाचित नकार येईल, मग पडद्याची दांडी आणि पार्क आहेच. पण मुलांना वर्षभर शेजाऱ्यांपासून तोंड लपवायला लावून पर्वात आर्जवाची पूजा करायला बसवणं, ते मला जमलं नसतं.

जय जिनेंद्र.