लेथचा मूड

म्हातारपणी कवळी बसवली म्हणून कुणी ऊस सोलायला बसू नये. पण हे लेथला कोण सांगणार? टेंभुर्णीच्या आमच्या भाच्याने जुन्या लेथला सीएनसीचे, म्हणजे संगणकाचे, डोके बसवले. उजनीचे पाणी उपसणाऱ्या पंपांचे शाफ्ट त्यावर होतात. बेअरिंगची जागा दोन-तीन शतांश मिलिमीटरने बारीक झाली, की बेअरिंग सैल पडते आणि ऐन उन्हाळ्यात कुणाचा तरी ऊस वाळतो.

हा लेथ सकाळी सज्जन, दुपारी उडाणटप्पू! "मामा, प्रोग्रॅमच बिघडलाय," भाचा म्हणाला. म्हाताऱ्या फिटरने मात्र निमूटपणे डायल गेज लावला आणि स्लाइड पुन्हा पुन्हा एकाच जागी आणली. काटा उड्या मारीना. हळूहळू एकाच दिशेला सरके, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बराच मागे येई.

"मालक, कंपुटर न्हवं, स्क्रू तापतोय!"

तीस सेंटिमीटरचा पोलादी स्क्रू दहा अंशांनी तापला, तर साडेतीन शतांश मिलिमीटर वाढतो. व्यासात चूक दुप्पट. डोके बिचारे मोटरचे फेरे मोजते. अंग लांबल्याचे त्याला कोण कळवणार?

आता कामाआधी अर्धा तास स्लाइड नुसती ये-जा करते, मग माप लावतात. शाफ्ट बरोबर निघतात. आमच्याकडे चहाशिवाय सुरू न होणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांत एक लेथ वाढला, इतकेच.