झोळीची मेढ

मराठीत 'झोळी' हा शब्द निदान तीन वाटांनी येतो. एक झोळी नाथपंथी जोग्याच्या काखेतली, भिक्षेची. दुसरी, रस्ता नसलेल्या वाडीवरून आजाऱ्याला कळकाला टांगून चौघे खांद्यावर आणतात ती. आणि तिसरी तान्ह्या लेकराला निजवण्यासाठी आईच्या लुगड्याची केलेली. वस्तू तिन्ही ठिकाणी तीच आहे: दोन टोके वर धरलेले कापड आणि त्याच्या पोकळीत साठलेले वजन. इंग्रजीतला 'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला आणि जहाजांवरून जगभर हिंडून अखेर सुटीच्या जाहिरातींत विसावला. आमच्या झोळीच्या वाट्याला ती चैन आली नाही. भिक्षा, आजार आणि लेकुरवाळी मजुरी एवढाच तिचा संसार.

वाङ्मयप्रकारांच्या यादीत 'पाळणा' आहे, 'झोळी' नाही, हेही मला नेहमी जाणवत आले आहे. पाळणे रामाचे, कृष्णाचे, शिवरायांचे. त्यांना रेशमाची दोरी असते आणि वर कडीपाटाचा महाल गृहीत असतो. लोकसाहित्य समितीने सरोजिनी बाबरांच्या देखरेखीखाली बायकांच्या मुखातले केवढे धन छापून ठेवले! तरीही पाळणा कशाला टांगला आहे, हा प्रश्न वर्गात आजवर एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेला नाही. तो साहित्याचा प्रश्न वाटत नाही, म्हणून असेल. मला मात्र तो उसाच्या फडात पडला.

पेठ वडगावच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. एका बाजूला वारणेचा कारखाना, दुसरीकडे नरंद्याचा शरद, तिकडे कसबा बावड्याचा राजाराम. रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. टोळ्या बहुधा बीडकडच्या. नवराबायको मिळून 'एक कोयता' अशी त्यांची मोजणी होते. या मोजणीत कडेवरचे मूल धरलेले नसते, पण ते येतेच. कोपीवर सांभाळायला म्हातारे माणूस नसेल, तर त्याला पहाटे फडात आणण्यावाचून गत्यंतर नसते. खाली पाचटात निजवावे, तर साप-विंचू आणि त्याहून मोठे भय मागे सरकणाऱ्या ट्रॅक्टरचे. पाचटाच्या ढिगात झोपलेले मूल चालकाला दिसत नाही. म्हणून झोळी हवी. जमिनीपासून वर आणि लांबून दिसेल अशी.

आमचे दीड एकराचे रान वाठारच्या बाजूला आहे. काही वर्षांपूर्वी तोड आली, तेव्हा बांधाच्या कोपऱ्यात एका बाईने उभी केलेली मांडणी मी पाहिली. सुमारे सात फुटांचे दोन कळक वरच्या टोकाशी एकमेकांवर फुलीसारखे टाकून कासऱ्याने आवळलेले, म्हणजे एक कैची. नऊ-दहा फुटांवर तशीच दुसरी. दोन्हींच्या बेचक्यात आडवा टाकलेला लांब कळक, घराच्या आढ्यासारखा. त्या आढ्यावरून निळी ताडपत्री दोन्ही अंगांना उतरलेली, तिच्या कोपऱ्यांना दगड. आणि आत, कैचीपासून कैचीपर्यंत, दुहेरी केलेल्या साडीची झोळी. तीत सात-आठ महिन्यांचे मूल झोपले होते.

"झाडाला का नाही बांधली?" मी विचारले.

"तुमच्या बांधाला झाडच नाही, मालक. बांधायची कशाला?" असे म्हणून ती पुन्हा पातीला लागली.

खरेच नव्हते. आमच्या बांधावर पूर्वी तीन बाभळी होत्या. झाडाच्या सावलीत दोन सऱ्यांचा ऊस पोसत नाही आणि नांगरणीचा ट्रॅक्टर वळवायला अडचण होते, म्हणून त्या गेल्या. दीड एकरावर घर चालवणाऱ्याने हा हिशेब करायचा नाही, असे शहाणपण मी वडिलांना कधी सांगितले नाही. पण आमच्याकडच्या शिवारात बहुतेक बांधांनी हाच हिशेब केला. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद होताना कडेची मोठी झाडेही गेली. झाड गेल्यावर सावली गेली, एवढे आपण बोलतो. टांगायची जागाही गेली, हे त्या कोयत्याला कळते. बीडहून निघताना गाडीत भांडी, पेटी, सरपण यांबरोबर कळकही लादावे लागतात, कोपीसाठी आणि झोळीसाठी.

त्या मांडणीत जी अक्कल होती ती मला पुढच्या उन्हाळ्यात कळली. वडिलांचा जन्म झाडाखाली दुपार काढण्यात गेलेला. आमच्या सिमेंटच्या घरात ना तुळई ना आढे. त्यांच्यासाठी गच्चीवर तसाच सांगाडा उभारायचे ठरवले. भौतिकशास्त्राचे एक सहकारी मदतीला आले. त्यांनी कागदावर मांडून दाखवले: झोळीची दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक दोरीवरचा ताण झोपणाऱ्याच्या वजनाएवढा असतो. सत्तर किलोचा माणूस, तर प्रत्येक बाजूला सत्तर किलोंचा ताण. तीच दोरी ताठ ओढून कोन दहा अंशांवर आणला, की ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे झोळी जितकी ढिली, तितका कळक सुखी. आणि हा ताण दोन्ही कैच्यांना आतल्या बाजूला ओढत असतो. त्यांना एकमेकींवर कोसळू न देण्याचे काम वरचे आढे करते. ताडपत्री पेलण्यासाठी म्हणून जे दिसते, तेच खरे तर झोळीला पेलत असते. बांबू वाकायला तयार असला, तरी लांबीच्या दिशेने दाबला तर चिवट असतो. मात्र आढे कैचीच्या बेचक्यात घट्ट आवळलेले हवे, नुसते ठेवलेले चालत नाही. शिवाय गुळगुळीत फरशीवर कैचीचे पाय फाकतात. रानात ते वीतभर मातीत गाडता येतात, गच्चीवर दोन्ही पाय खालून दोरीने जखडावे लागले.

गाठींचेही तसेच. फडातल्या त्या सांगाड्यावर दोन प्रकारच्या गाठी होत्या, हे मला आठवत होते. झोळीला निरगाठ, वजनाने अधिकच आवळणारी. ताडपत्रीला सुरगाठ, एका ओढीसरशी सुटणारी. वारा सुटला की ताडपत्रीचे शीड होते आणि सगळा सांगाडा ओढून नेते. तेव्हा ती क्षणात मोकळी करता यायला हवी. त्याच कारणाने ताडपत्री झोळीच्या दोरीला बांधायची नाही, कारण झोळी हलत असते आणि हलणाऱ्या दोरीने पत्र्याचे डोळे फाटतात. कापडही बघून घ्यावे लागते. सुती लुगडे गाठीत धरून राहते, आजची गुळगुळीत साडी सरकते. त्या बाईने साडीच्या टोकात एकेक खडा गुंडाळून त्यामागे दोरी आवळली होती. मी वडिलांच्या झोळीला जुने सुती धोतर तिहेरी करून वापरले आणि खडा मात्र तिच्याकडून घेतला.

वडील दुपारी तीत झोपतात. पहिल्या दिवशी त्यांनी आढ्याला दोनदा हात लावून पाहिला आणि कळक कुठून आणलास, एवढेच विचारले. गच्चीवर त्यांना पाहून शेजारी कौतुक करतात, फोटो काढतात. फडातल्या झोळीचा फोटो काढणारेही असतात, पण ते बहुधा वार्ताहर. 'हंगाम सुरू' या मथळ्याखाली ती दरवर्षी छापून येते. या दोन छायाचित्रांत कळक, गाठी, ताडपत्रीचा निळा रंगसुद्धा सारखाच. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, आणि याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. पण ते वर्गात सांगताना जीभ अडखळते.

बांधावर झाड लावण्याची गोष्ट मी काढली, तेव्हा वडील प्रथम नको म्हणाले. मग दोन दिवसांनी आपणच म्हणाले, विहिरीच्या कोपऱ्यात पडीक तुकडा आहे, तिथे सरी जात नाही, तिथे लाव. कडुनिंबाचे रोप लावले आहे. आता ते कमरेइतके आहे. झोळी पेलण्याजोगी फांदी धरायला बरीच वर्षे लागतील. रानातल्या छपरात पाच कळक आणि एक ताडपत्री ठेवलेली आहे. दर हंगामाला टोळी आली की मुकादमाला ती जागा दाखवतो. गेल्या खेपेला तोड संपल्यावर चार कळक परत मिळाले. पाचवा, आढ्याचा, कुठल्याशा कोपीला गेला असावा. तेवढा नवा आणायचा आहे.